सापेरावीची वाईन: काखेतीच्या बागेपासून क्वेव्रीपर्यंत

सापेरावीचा एक पिकलेला मणी घ्या आणि मधोमध कापा. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिकट, पाणीदार असतो, रंग काय तो सालीत. सापेरावीचा गर मात्र लालसर निघतो आणि बोटांना डाग लागतो. जॉर्जियन भाषेत 'सापेरावी' म्हणजे रंग देणारं. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला असलेल्या जॉर्जिया देशात, त्यातही पूर्वेकडच्या काखेती प्रांतात, लाल वाईन म्हटलं की हेच द्राक्ष. साल आणि गर दोन्हींत रंग असलेल्या जाती जगात मोजक्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा दुसऱ्या वाईनला रंग चढवण्यापुरत्याच वापरल्या जातात. सापेरावी एकटीच्या जोरावर वर्षानुवर्षं टिकणारी वाईन देते.

पण हाच रंग माणसाला चकवतो. मणी लवकर काळेभोर दिसतात, म्हणून काढणी घाईने होते. रस पहिल्याच दिवशी शाईसारखा गडद होतो, म्हणून वाईन उत्तम होणार असं वाटतं. या जातीत रंग मिळवण्यासाठी काहीच करावं लागत नाही. सांभाळावी लागते ती आम्लता आणि बियांचा तुरटपणा. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबाने सांगितली आहे.

जागा: अलाझानीचं खोरं

जॉर्जियातल्या द्राक्षबागांचा मोठा हिस्सा काखेतीत आहे. उत्तरेला कॉकेशसची मुख्य रांग थंड वारे अडवते, दक्षिणेला गोंबोरीची रांग आणि मधून अलाझानी नदी वाहते. उन्हाळ्यात दिवसा कडक ऊन असतं, रात्री डोंगरावरून थंड हवा खाली उतरते. उशिरा पिकणाऱ्या सापेरावीला हेच मानवतं. दिवसा साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आम्लता टिकते.

खोऱ्याच्या दोन काठांवर वाईनचा स्वभाव बदलतो. उजव्या काठावर, गुर्जानीच्या परिसरात, मुकुझानी आहे. तिथली वाईन कोरडी, भारदस्त आणि ओकच्या पिंपात मुरवलेली असते. त्याच बाजूच्या अखाशेनीची ओळख अर्धगोड वाईनची. डाव्या काठावर नापारेउलीत कोरडी वाईन होते आणि क्वारेलीजवळच्या किंद्झमाराउलीत अर्धगोड. क्वारेलीची जमीन वेगळी आहे. दुरुजी नदी डोंगरातून काळ्या पाटीच्या दगडाचा गाळ आणून टाकते, त्यामुळे तिथल्या बागांत निचरा चांगला होतो आणि जमीन लवकर तापते. ही सगळी नावं संरक्षित आहेत. ठरलेल्या हद्दीतल्या द्राक्षांशिवाय ती बाटलीवर लावता येत नाहीत.

बाग लावायची तर नदीलगतची खोल, काळी, ओल धरणारी जमीन टाळा. तिथे वेल माजतो, पानं वाढतात आणि माल उशिरा पिकतो. सापेरावी आधीच उशिराची, त्यात पंधरा दिवस आणखी गेले की ऑक्टोबरच्या पावसात सापडते. पायथ्याची उतरती, खडेमिश्रित, निचऱ्याची जमीन निवडा. अगदी खोलगट जागाही नको, कारण वसंतातली थंड हवा तिथे साचून कोवळी फूट जाळते. सापेरावी हिवाळ्यातली थंडी बऱ्यापैकी सोसते, पण डोळे फुटल्यानंतरचं गोठणारं दव तिलाही सोसत नाही.

लागवड

फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड इथे एकोणिसाव्या शतकापासून आहे, म्हणून कलम केलेलीच रोपं लावा. कोबर ५ बीबी हा खुंट, म्हणजे कलमाखालचा मुळांचा भाग, काखेतीत बराच चालतो, पण तो जोमदार आहे. सुपीक जमिनीत तो घेतला तर वेलाचा माज आणखी वाढतो. तिथे कमी जोमाचा खुंट बरा, आणि चुनखडी जास्त असेल तर चुना सोसणारा. माती तपासल्याशिवाय रोपं मागवू नका. खुंट एकदा चुकला की पुढची तीस वर्षं ती चूक भोगावी लागते.

अंतर २.५ मीटर बाय १.२५ मीटर ठेवलं तर हेक्टरी ३,२०० वेल बसतात. ओळी उत्तर-दक्षिण धरा, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन मिळतं. रोप लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटं तरी राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या सापेरावीला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंट लावल्याचा उपयोगच उरत नाही.

पहिली दोन वर्षं खोड आणि मुळं घडवण्यात जातात. तिसऱ्या वर्षी थोडा माल घ्या. चौथ्या-पाचव्या वर्षापासून भरवशाचं पीक येतं.

छाटणी

काखेतीत बहुतेक बागा तारांवर असतात. छाटणीची तिथली रीत अशी: खोडाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना एकेक मालकाडी ८ ते १० डोळ्यांची ठेवायची आणि प्रत्येक मालकाडीच्या खाली दोन डोळ्यांचा एक खुंटा. माल काडीवर येतो, पुढच्या वर्षीची काडी खुंट्यातून मिळते. खुंटा नेहमी मालकाडीच्या खालीच हवा. वर ठेवला तर दरवर्षी डोकं वितभर वर सरकतं आणि सहा-सात वर्षांत वेल तारेच्या वर जातो.

छाटणी कडाका सरल्यावर, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये करा. जाड लाकडावर खोडालगत सपाट मोठा काप घेऊ नका. काप जितका मोठा, तितकं आतलं लाकूड मरतं आणि खोडाच्या रोगांना वाट मिळते. छाटलेल्या काड्यांच्या जुड्या बांधून कोरड्या जागी ठेवतात. म्त्स्वादी, म्हणजे सळईवर भाजलेलं मांस, याच काड्यांच्या निखाऱ्यावर करायची तिथली पद्धत आहे.

डोळ्यांचा हिशेब जमवून घ्या. सापेरावीचा घड फार मोठा नसतो, साधारण १०० ते १५० ग्रॅमचा. वेलावर २० ते २२ घड राहिले तर अडीच किलो माल, म्हणजे हेक्टरी ८ टन. कोरड्या, मुरवायच्या वाईनसाठी यापुढे जाऊ नका. १२ टन काढले तरी वाईन काळीच दिसते, आणि मोह होतो तो इथेच. पण त्या मालाच्या बिया हिरव्या राहतात आणि वाईन जिभेला घासते.

फुलोऱ्यापासून रंग चढेपर्यंत

फुलोरा जूनच्या सुमाराला येतो. या दिवसांत पाऊस किंवा थंडी आली तर सापेरावीत फुलगळ होते आणि एकाच घडात मोठे मणी व बी नसलेले वाटाण्याएवढे मणी असे मिसळून येतात. फुलोऱ्याच्या तोंडावर भरपूर नत्र दिलं तर ही गळ वाढते, कारण वेल सगळी ताकद शेंड्याकडे लावतो. म्हणून नत्राचा मोठा हप्ता एकतर लवकर द्या, नाहीतर मणी धरल्यानंतर.

मणी धरले की घडाजवळची पानं काढा, पण फक्त सकाळचं ऊन येणाऱ्या पूर्व बाजूची. पश्चिमेची पानं राहू द्या. दुपारच्या उन्हात उघडे पडलेले घड भाजतात आणि मणी सुकतात. घडाभोवती हवा खेळली की निम्मा रोग तिथेच थांबतो.

भुरी आणि केवडा हे दोन्ही रोग काखेतीत येतात. भुरीसाठी गंधक, केवड्यासाठी बोर्डो. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, आणि चुना इतका की द्रावण आम्लधर्मी राहू नये. कोवळ्या फुटीवर अर्धा टक्काच मारा, नाहीतर पानं करपतात. गंधकाची फवारणी काढणीआधी चार-पाच आठवडे बंद करा. सालीवर राहिलेलं गंधक रसात उतरतं, यीस्ट त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतं आणि वाईनला सडक्या अंड्याचा वास येतो. हा दोष तळघरात सापडतो, पण त्याचं मूळ फवारणीच्या तारखेत असतं.

गारपीट हे काखेतीचं जुनं दुखणं आहे. मे-जूनमध्ये वळवाचे ढग डोंगरावरून येतात आणि दहा मिनिटांत बाग झोडपून जातात. जाळी लावणं महाग पडतं, पण खात्रीचा उपाय तोच. गारा पडल्याच तर चोवीस तासांच्या आत ताम्रयुक्त फवारणी घ्या, म्हणजे जखमांतून रोग शिरत नाही. फुटलेले घड आठवडाभर सुकू द्या आणि मग काढा.

ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरतं आणि रंग चढू लागतो. सगळे घड रंगले असताना जे अजून हिरवट-गुलाबी दिसतील, ते आत्ताच कापून टाका. दोन आठवड्यांनंतर तेही काळे होतील आणि मग कच्चा घड कुठला, ते ओळखता येणार नाही.

काढणी कधी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या पायरीला वेळ द्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीपासून दर चार दिवसांनी नमुना घ्या. निदान ५० वेलांवरून २०० मणी, ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे आणि खालचेही. डोळ्यांना चांगले दिसतील ते मणी हात आपोआप निवडतो, म्हणून घडाकडे न पाहता तोडा. पिशवीत चुरडून रस गाळा आणि तीन गोष्टी मोजा.

साखर २३ ते २५ ब्रिक्स, म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण तितके ग्रॅम, हवी. ब्रिक्सला ०.५८ ने गुणलं की अंदाजे अल्कोहोल कळतं. २४ ब्रिक्सला ते १४ टक्क्यांच्या आसपास येतं. आम्लता टार्टरिकच्या हिशेबाने लिटरला ७ ते ९ ग्रॅम असली तर उत्तम. सापेरावीची आम्लता साखर भरल्यावरही टिकून राहते, ती या जातीची मोठी ताकद. २३ ब्रिक्सला १० ग्रॅम निघाली तर आठवडाभर थांबा. पीएच ३.३ ते ३.५ च्या दरम्यान असावा. ३.६ च्या वर गेला तर वाईन जिवाणूंना लवकर बळी पडते.

आता यंत्रं बाजूला ठेवा आणि बिया पाहा. दहा मण्यांच्या बिया तळहातावर घ्या. हिरव्या कडा दिसत असतील तर माल तयार नाही. सगळीकडून तपकिरी, कोरड्या, दाताखाली कडकन फुटणाऱ्या हव्यात. चावल्यावर चव भाजलेल्या दाण्यासारखी लागली पाहिजे. हिरवी बी जिभेच्या मागच्या भागाला आवळते आणि ती चव थुंकल्यावरही जात नाही. वाईनमध्येही ती जात नाही.

साखर आणि बी यांचं जुळत नसेल तर बीचं ऐका. साखर एका अंशाने वाढली तर अल्कोहोल अर्ध्या टक्क्याने वाढेल, बस. अपवाद पावसाचा. दोन दिवस झड लागणार असेल आणि मणी मऊ झाले असतील तर काढून घ्या, कारण तडकलेल्या मण्यांची कुज दोन दिवसांत घडभर पसरते. कुजलेल्या मण्यांतलं लॅकेझ हे विकर रंग तपकिरी करतं. त्यापुढे सापेरावीचा रंगही टिकत नाही.

काखेतीत काढणीच्या हंगामाला रत्वेली म्हणतात. तो सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो. र्कात्सितेली ही पांढरी जात बहुधा आधी येते, सापेरावी मागून. तोडणी सकाळी लवकर करा. क्रेट १५ ते २० किलोंचेच भरा. खोल टोपल्यांत तळाचे घड दबून रस सुटतो आणि उन्हात तिथेच आंबू लागतो.

क्वेव्रीची तयारी

क्वेव्री म्हणजे मानेपर्यंत जमिनीत पुरलेलं, खाली निमुळतं होत जाणारं, अंड्याच्या आकाराचं मातीचं भांडं. क्वेव्री पुरलेल्या तळघराला किंवा जागेला मारानी म्हणतात. ही पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली. जॉर्जियातल्या क्वेमो कार्तली भागातल्या उत्खननात ख्रिस्तपूर्व ६००० च्या सुमाराच्या मडक्यांत द्राक्षाच्या वाईनचे अंश सापडले आहेत. त्यावरून सापेरावी ८,००० वर्षांची आहे असं सांगितलं जातं, ते बरोबर नाही. तो पुरावा वाईनचा आहे, या जातीचा नव्हे.

नवीन क्वेव्री भट्टीतून निघून अजून कोमट असतानाच आतून मधमाश्यांचं मेण चोळतात. मेण भिंतीवर थर करण्यासाठी नसतं, ते छिद्रांत मुरायला हवं. नखाने खरवडल्यावर मेणाचा पापुद्रा निघाला तर जास्त झालं. तो थर पुढे सुटतो आणि त्यामागे घाण साचते. कमी झालं तर भांडं झिरपतं. विकत घेताना बोटाने ठोकून पाहा. घणघणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज म्हणजे तडा. मग पाण्याने भरून तीन दिवस ठेवा. बाहेरून चुन्याचा गिलावा द्या, खड्ड्यात वाळू भरून बसवा आणि मगच पुरा. पुरल्यानंतर सापडलेली गळती दुरुस्त करणं जवळपास अशक्य.

वापरातली क्वेव्री धुण्याचा क्रम असा. आधी थंड पाण्याने खळखळून घ्या आणि सगळं उपसा. मग चुन्याच्या निवळीने किंवा राखेच्या गरम पाण्याने, लांब दांड्याला बांधलेल्या चेरीच्या सालीच्या ब्रशाने भिंती घासा. मानेच्या आतली कड आणि निमुळता तळ या दोन जागा हमखास सुटतात. पुन्हा पाणी. लिटरला १० ग्रॅम सायट्रिक आम्ल घातलेल्या पाण्याने एक हात द्या, म्हणजे चुन्याचा अंश मरतो. शेवटी स्वच्छ पाणी. उपसलेलं पाणी वास घेऊन, चव घेऊन पाहा. ते प्यावंसं वाटेपर्यंत धुणं संपलेलं नाही. मग कोरडी करून दर १०० लिटरमागे २ ते ३ ग्रॅम गंधक आत जाळा आणि झाकण लावा.

मोठ्या क्वेव्रीत माणूस उतरून धुतो. तिथे कार्बन डायऑक्साइड तळाशी साचलेला असतो आणि त्याला वास नसतो. आधी पंख्याने हवा खेळवा आणि वर एक माणूस दोर धरून उभा ठेवा. खाली सोडलेली मेणबत्ती विझली तर उतरू नका, आणि जळत राहिली तरी एकट्याने उतरू नका. शेजारच्या क्वेव्रीत रस आंबत असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही.

आंबवण

१,००० लिटरची क्वेव्री धरून चालू. तिच्यात ८०० किलो द्राक्षं घाला. वरचा साधारण चौथा हिस्सा मोकळा राहिला पाहिजे, कारण चोथा वर चढतो. गळ्यापर्यंत भरली तर तिसऱ्या दिवशी रस मारानीभर वाहतो.

तोडणीच्या चार दिवस आधी २० किलो निरोगी घड आणून बादलीत चुरडून ठेवा. ते जोरात आंबू लागले की तेच विरजण. वास स्वच्छ असेल तरच वापरा. नेलपॉलिशसारखा वास आला तर फेकून द्या आणि नवीन करा.

देठ काढून टाका. काखेतीत पांढरी वाईन देठांसकट महिनोन्महिने ठेवतात, पण सापेरावीत स्वतःचाच तुरटपणा भरपूर असतो. हिरवा देठ त्यात भर घालतो. मणी नुसते फुटले पाहिजेत, बी चिरडली जाता कामा नये. पूर्वी आणि काही घरांत आजही, सात्स्नाखेली म्हणजे ओंडका कोरून केलेल्या डोणीत द्राक्षं पायांनी तुडवतात. पायाने बी फुटत नाही, हे त्या रीतीचं खरं शहाणपण. यंत्र वापरत असाल तर रोलरमधलं अंतर बीपेक्षा जास्त ठेवा. ८०० किलोला ४० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (यातून जिवाणूंना रोखणारा सल्फर डायऑक्साइड सुटतो) पाण्यात विरघळवून, भरताना थराथराने टाका. काही तासांनी विरजण घाला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चोथा वर येऊन घट्ट टोपी बनते. लांब दांड्याने ती दिवसातून चार-पाच वेळा खाली दाबा आणि एक फेरी रात्रीची ठेवा. टोपी कोरडी पडली की तिच्यावर व्हिनेगरचे जिवाणू वाढतात. दाबताना दांडा तळापर्यंत नेऊ नका. क्वेव्रीच्या निमुळत्या टोकात बिया जमतात आणि त्यांच्यावर साका बसतो. बिया तिथे झाकून गेल्या की तुरटपणा कमी उतरतो, ती मांडणी ढवळून मोडू नका.

तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस ठेवा. आजूबाजूची माती उष्णता ओढून घेते, म्हणून छोट्या क्वेव्रीला सहसा काही करावं लागत नाही. २,००० लिटरच्या पुढे मात्र मधला भाग तापतो. ३२ च्या वर यीस्ट थकतं, ३५ ला आंबवण अडकतं. थंड पाणी फिरवायची स्टीलची नळी गळ्यातून आत सोडता येते, ती तयार ठेवा.

रोज दोनदा घनता मोजा आणि लिहून ठेवा. सुरुवात १.१०० च्या आसपास असते. घनता १.०२० खाली आली की दाबणं दिवसातून दोन वेळा, शेवटी एकदाच आणि हलक्या हाताने. कारण असं की रंग पाण्यातही सुटतो आणि पहिल्या तीन-चार दिवसांत जवळपास सगळा येऊन जातो. बियांचा तुरटपणा मात्र अल्कोहोल वाढल्यावर सुटतो. म्हणजे शेवटच्या आठवड्यात जोराने ढवळून रंगात काही भर पडत नाही, नुसता कडूपणा पदरात पडतो.

चोथा वेगळा करणं आणि झाकणं

घनता ०.९९५ च्या आसपास स्थिर झाली आणि टोपी बुडू लागली की रोज चव घ्या. साधारण १० ते १५ दिवसांत वेळ येते. काही जण सापेरावी महिनाभर चोथ्यावर ठेवतात, पण त्यासाठी बिया पूर्ण तपकिरी झालेल्या असाव्या लागतात. तुरटपणा हिरड्यांना जाणवत असेल तर चालेल. जिभेच्या मुळाशी कडू लागू लागला की त्याच दिवशी काढा.

जाळीची टोपली आत बुडवून तिच्यातून वाईन उपसा. यासाठी ऑर्शिमो हा लांब दांड्याचा भोपळ्याचा डोया असतो, पंपही चालतो. ८०० किलोंतून चोथा हलका दाबून साधारण ५५० लिटर वाईन मिळते. शेवटी जोराने दाबून निघालेली वेगळी ठेवा, चव पाहून नंतर थोडी मिसळता येते. चोथ्याला चाचा म्हणतात आणि त्यापासून गाळलेल्या कडक दारूचं नावही तेच.

आता ५५० लिटर वाईन पुन्हा १,००० लिटरच्या क्वेव्रीत ओतू नका. अर्धी भरलेली क्वेव्री म्हणजे व्हिनेगर. ५०० लिटरची एक आणि उरलेल्यासाठी काचेचे कार्बॉय, म्हणजे मोठे बुधले, असं आधीच ठरवून ठेवा. क्वेव्री काठोकाठ भरा आणि आठवड्याला भर घाला.

यानंतर जिवाणू तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. सापेरावीला हा टप्पा चुकवून चालत नाही, कारण तिची धारदार आम्लता यातूनच मवाळ होते. त्याला १८ ते २० अंश तापमान लागतं. नोव्हेंबरात मारानी गार पडली तर काम अर्ध्यावर थांबतं आणि वसंतात पुन्हा सुरू होतं. म्हणून कागदी क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे आम्लं कागदावर वेगळी दाखवणाऱ्या चाचणीने, तपासून, मॅलिक संपल्याचं दिसल्यावरच मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला २५ ते ३० मिलिग्रॅम होईल इतकं मेटाबायसल्फाइट घाला. मग दगडी किंवा काचेचं झाकण ओल्या चिकणमातीवर बसवा आणि वरून ओली वाळू पसरा. माती सुकून भेगा पडल्या की हवा आत जाते, तेव्हा हिवाळाभर दर पंधरा दिवसांनी पाणी शिंपडा.

मार्च-एप्रिलमध्ये उघडा आणि साक्यावरून वाईन दुसऱ्या धुतलेल्या क्वेव्रीत किंवा ओकच्या पिंपात हलवा. बाटल्यांची घाई नको. वर्षभराच्या आत भरलेली सापेरावी बहुधा आवळलेली, बंद वाटते.

अर्धगोड हवी असेल तर

किंद्झमाराउलीसारखी वाईन क्वेव्रीत करायचा प्रयत्न करू नका. तिथे आंबवण मध्येच थांबवावं लागतं आणि पुरलेलं भांडं पटकन गार करता येत नाही. थंड करता येणारी स्टीलची टाकी घ्या. लिटरला ३० ते ५० ग्रॅम साखर उरावी अशी अपेक्षा असते. थंडी पसरेपर्यंत यीस्ट खातच राहतं, म्हणून हव्या त्या आकड्याच्या जरा आधीच गार करायला सुरुवात करा आणि शून्य अंशाजवळ आणा. मग साक्यावरून काढून, यीस्ट अडवणाऱ्या बारीक फिल्टरमधून गाळून बाटल्या भरा. या गाळणीत कसूर झाली तर बाटलीत पुन्हा आंबवण सुरू होतं आणि बुचं उडतात.

बिघडलं तर

सडक्या अंड्याचा वास आंबवण चालू असताना आला तर यीस्टला नत्र कमी पडलंय. घनता १.०५० च्या वर असेल तर यीस्टचं खाद्य द्या आणि हवा लागेल अशा रीतीने उपसून परत ओता. तोच वास महिन्यांनंतर आला तर साक्यावरून लगेच हलवा. व्हिनेगरचा वास सुरू झाला की तो मागे फिरत नाही. सल्फर वाढवून आणि भांडं पूर्ण भरून तो पुढे वाढायचा थांबतो, इतकंच. तबेल्यासारखा, ओल्या चामड्यासारखा वास ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा. ते क्वेव्रीच्या छिद्रांत घर करतं आणि पुढच्या वर्षीच्या वाईनलाही लागतं. अशी क्वेव्री गरम पाणी आणि चुन्याने दोनदा धुऊन, गंधक जाळून एक हंगाम रिकामी ठेवा. तरीही वास राहिला तर ती वाईनसाठी वापरू नका.

आंबवण १.०१० वर अडकलं तर बादलीत नवीन जोमदार विरजण तयार करून अडकलेली वाईन त्यात थोडी थोडी मिसळत जा. उलट केलं, म्हणजे विरजण थेट क्वेव्रीत ओतलं, तर अल्कोहोलच्या धक्क्याने ते मरतं.

बाटली उघडताना

कोरडी सापेरावी १६ ते १८ अंशांवर, अर्धगोड १० ते १२ वर प्या. तीन वर्षांच्या आतली कोरडी बाटली असेल तर तासभर आधी सुरईत ओतून ठेवा. चांगल्या वर्षाची क्वेव्रीतली किंवा मुकुझानीची बाटली दहा वर्षं आरामात राहते. पेला तिरका धरून कडेचा रंग पाहू नका, तो सगळ्यांचाच काळा-जांभळा असतो. घोट गिळल्यावर थांबा. तोंडाला पाणी सुटलं तर आम्लता नीट बसली आहे. जीभ कोरडी पडून कडू झाली तर द्राक्षं घाईने तोडलेली आहेत.

आणि क्वेव्री रिकामी झाली की त्याच दिवशी धुवा. तळाचा साका एका रात्रीत भिंतीला घट्ट चिकटतो, आणि मग पुढच्या रत्वेलीला ब्रश कितीही चालवला तरी तो वास निघत नाही.